ईगलची मुलाखत, आईच्या बाजूने

आमचे चिरंजीव ईगल स्काऊट झाले, म्हणजे इथल्या स्काऊटिंगची सर्वांत वरची पायरी चढले, तेव्हापासून न्यू जर्सीतल्या ओळखीच्या मराठी आयांचे फोन येतात. मागणी ठरलेली: "मुलाखतीच्या बोर्डात काय काय विचारतात त्याची यादी पाठव ना गं." यादी माझ्याकडे आहे आणि मी ती पाठवतेही. पण ती पाठ करून घेऊ नका असं सोबत लिहिलं, की पलीकडून "म्हणजे?" येतं. त्या "म्हणजे"चं उत्तर व्हॉट्सॲपवर मावत नाही, म्हणून आमच्याकडे तयारी कशी झाली ते इथे सगळं लिहून काढतेय.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका ही १९१० सालची संस्था, फेब्रुवारी २०२५ पासून तिचं नाव स्काऊटिंग अमेरिका. २०१९ पासून मुलींनाही याच पायऱ्या चढता येतात. पायऱ्या सात: स्काऊट, टेंडरफूट, सेकंड क्लास, फर्स्ट क्लास, स्टार, लाइफ आणि ईगल. पहिली सोडली तर प्रत्येक पायरीच्या शेवटी काही मोठी माणसं मुलाला समोर बसवून बोलतात, त्याला म्हणतात बोर्ड ऑफ रिव्ह्यू. ईगलसाठी २१ मेरिट बॅज (एकेक कौशल्य शिकल्याचे बिल्ले), लाइफ झाल्यानंतर ट्रूपमध्ये, म्हणजे आपल्या स्काऊट तुकडीत, किमान सहा महिने सक्रिय सहभाग, एखादी जबाबदारी आणि समाजोपयोगी प्रकल्प, एवढं सगळं अठराव्या वाढदिवसाच्या आत पुरं व्हावं लागतं. बोर्ड मात्र वाढदिवसानंतरही होऊ शकतं. हे शेवटचं वाक्य ज्यांच्या मुलाचा वाढदिवस तोंडावर आलाय त्यांनी दोनदा वाचावं आणि रात्री नीट झोपावं.

मी स्वतः साताऱ्यात शाळेत गाईड होते. खरी कमाईत भेळ विकलेली, गाठी बांधलेल्या, शिबिरात परीक्षकांसमोर हात थरथरत क्लोव्ह हिच मारलेली. ती परीक्षाच होती: आली गाठ तर आली, नाहीतर पुन्हा या. इथल्या बोर्डाची गंमत अशी की त्यांना फेरपरीक्षा घ्यायची मुभाच नाही. संस्थेच्या नियमावलीत तसं स्पष्ट आहे. बॅज मिळाला म्हणजे ते कौशल्य तपासून झालं, आता दोरी पुढे करून "बांध बघू बोलाइन" असं म्हणायचं नाही. मग अर्धा तास करतात काय? बोलतात. या मुलाने इतकी वर्षं इथे काय केलं, त्यातून तो कसा घडला आणि ते त्याला स्वतःला सांगता येतं का, हे बघतात.

आपल्या मुलांची गाडी नेमकी इथे अडते. ट्रूपच्या कमिटीत असल्यामुळे खालच्या पायऱ्यांच्या बोर्डांवर मी बरेचदा बसले आहे. आपली मुलं कामाला वाघ, बॅज भराभर, कागद चोख. आणि समोर बसलं की तोंडातून निघतं "सगळ्यांनी मिळून केलं." आपणच शिकवलेलं असतं ना, स्वतःची टिमकी वाजवू नये! घरी पाहुण्यांसमोर ही सवय शोभून दिसते. पण बोर्डावरच्या माणसाला त्या "सगळ्यां"मधून हा मुलगा वेगळा काढून दाखवावा लागतो, आणि तो काढायला फक्त मुलगाच मदत करू शकतो. दुसरीकडे काही मुलं इतकी पढवलेली येतात की पहिल्या उत्तरालाच कळतं, हे आईच्या हाताचं आहे. दोन्ही प्रकार बघून झाल्यामुळे घरच्या तयारीबद्दल माझं मत पक्कं होतं: उत्तरं द्यायची नाहीत, आठवणी उकरायच्या.

त्याआधी कागद. ईगलच्या अर्जावर प्रत्येक पायरीची आणि बॅजची तारीख लागते आणि ती काउन्सिलच्या, म्हणजे संस्थेच्या प्रादेशिक शाखेच्या, नोंदीशी जुळावी लागते. आमच्या एका बॅजची तारीख नोंदीत चढलीच नव्हती. बॅज मिळाल्याची जी निळी कार्डं मुलांना देतात ती आम्ही बेसबॉल खेळाडूंच्या कार्डांसाठी असतात तसल्या प्लॅस्टिकच्या खणांत घालून फाइलला लावली होती, म्हणून निभावलं. निळं कार्ड हरवलं आणि ज्यांनी बॅज शिकवला ते गृहस्थ टेक्सासला राहायला गेले, अशा कहाण्या ट्रूपमध्ये हव्या तेवढ्या आहेत. मूल अकराव्या वर्षी पहिलं कार्ड घरी आणेल त्याच दिवशी फाइल करा.

अर्जात शिफारस देणाऱ्यांची नावंही द्यायची असतात: पालक, शिक्षक, ओळखीची आणखी दोन माणसं, नोकरी करत असेल तर मालक, आणि धार्मिक संस्थेतलं कुणीतरी. या शेवटच्या रकान्यापाशी आपली घरं थबकतात. देवळातले गुरुजी आपल्या मुलाला नावाने ओळखतात अशी किती घरं असतील? गणपतीत आणि दिवाळीत जाणारे आम्ही! त्यासाठी तरतूद आहे. कुटुंब कुठल्या धार्मिक संस्थेशी जोडलेलं नसेल तर ते पत्र पालकच देऊ शकतात. आम्ही तेच केलं. ही पत्रं मुलाला दाखवत नाहीत, त्यामुळे "आई, तू काय लिहिलंस" याचं उत्तर त्याला अजून मिळालेलं नाही.

आणि एक निवेदन लागतं. पुढे आयुष्यात काय करायचंय, आजवर कुठे कुठे पुढाकार घेतला, मानसन्मान काय मिळाले. कॉलेजच्या अर्जांचा मोसम तोच असल्यामुळे चिरंजीवांनी तिथलाच एक निबंध उचलून चिकटवला. वाचून बाबा म्हणाला, "छान आहे, पण हा मुलगा कोण?" निबंधात जगाची पाण्याची समस्या होती. मी एवढंच विचारलं की यातल्या कुठल्या वाक्यावर तुला पाच मिनिटं बोलता येईल. बोर्डावरची मंडळी निवेदन आधी वाचून येतात आणि प्रश्न तिथूनच काढतात, म्हणजे प्रत्येक वाक्य हे प्रश्नाला दिलेलं आमंत्रण असतं. त्याने पाण्याची समस्या काढली आणि सायकल दुरुस्तीचं लिहिलं. गल्लीतल्या लहान पोरांच्या सायकली तो आमच्या गराजमध्ये खोलून बसतो, त्याला मेकॅनिकल इंजिनीअरिंग करायचंय ते त्यातूनच आलंय. वाचायला साधं, पण त्याचं.

आता प्रकल्प, कारण मुलाखतीचा निम्मा वेळ त्यातच जातो. आमच्या गावात सार्वजनिक भाजीमळा आहे, उन्हाळ्यात लोक वाफा घेऊन टोमॅटो-काकड्या लावतात. माझी आई साताऱ्याहून सहा महिने आली होती तेव्हा तिला तिथे मेथी लावायची हौस, पण गुडघ्यांमुळे वाकता येईना. त्यावरून त्याच्या डोक्यात आलं की कंबरेच्या उंचीचे लाकडी वाफे करायचे, उभ्याने किंवा व्हीलचेअरवर बसून काम करता येईल असे. प्रस्तावावर स्काऊटमास्तर, ट्रूपची कमिटी, ज्यांच्यासाठी काम करायचं ती संस्था आणि काउन्सिल किंवा डिस्ट्रिक्टचा (काउन्सिलच्या विभागाचा) माणूस, एवढ्यांच्या सह्या झाल्याशिवाय खिळाही ठोकायचा नाही. आणि यातली मेख म्हणजे सुतारकाम त्याने स्वतः करणं अपेक्षितच नसतं. त्याने आखायचं, माणसं जमवायची आणि त्यांच्याकडून काम करून घ्यायचं.

सरावाला आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलो. समोर मी नव्हते. शेजारच्या एक निवृत्त शिक्षिका आणि ट्रूपमधलेच एक वडील यांना बोलावलं होतं, मी चहाच्या निमित्ताने ओट्याशी. त्यांनी विचारलं, प्रकल्पाबद्दल सांग. उत्तर आलं: आम्ही वाफे बांधले, सगळ्यांनी खूप मेहनत घेतली, थोड्या अडचणी आल्या पण आम्ही वेळेत पूर्ण केलं.

मी त्या दिवशी मळ्यावर बेगल वाटत होते. थोड्या अडचणी म्हणजे काय ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पहिला वाफा उभा केला आणि तो एका बाजूला कलला. जमिनीला उतार होता, नकाशावर तो दिसला नव्हता. मदतीला आलेले एक काका, हौशी सुतार, म्हणाले की खाली लाकडाचे तुकडे सारू आणि पुढे जाऊ, दुपारी पाऊस आहे. बाकीची मोठी माणसं माना डोलवायला लागली. आणि आमचा मुलगा, जो घरी टीव्हीचा रिमोट कुणाकडे असावा यावरही मत देत नाही, तो म्हणाला, थांबा. लाकडाचे तुकडे वर्षभरात कुजतील आणि वाफा एखाद्या आजोबांच्या अंगावर येईल. त्याने लेव्हल, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, लावून बुडबुडा सगळ्यांना दाखवला. दोन मोठ्या मुलांना एका वडिलांबरोबर खडी आणायला पाठवलं, लहान स्काऊटांना सगळे चौकोन खणून सपाट करायला लावले आणि त्या काकांना विचारलं की तोवर उरलेल्या वाफ्यांच्या बाजू तुम्ही कापून ठेवाल का. काकांचा चेहरा जरा उतरला होता, तो हे ऐकून परत वर आला. पाऊस आला, सगळे भिजले, उरलेलं काम पुढच्या शनिवारी झालं.

यातलं एक अक्षर त्याने टेबलावर सांगितलं नाही. पाहुणे गेल्यावर विचारलं तर म्हणाला, "आई, इट वॉज नॉट अ बिग डील. आणि अंकलना वाईट वाटेल." मला त्याचं दोन्ही पटलं आणि तरी पटलं नाही. मी म्हटलं, काकांची चूक सांगू नकोस, तू काय बघितलंस आणि काय ठरवलंस तेवढं सांग. बुडबुड्यापासून सुरुवात कर. मग त्याने मला, बाबाला आणि फोनवर आजीला तीच गोष्ट वेगवेगळ्या दिवशी सांगितली. प्रत्येक वेळी ती थोडी वेगळी निघाली, आणि ते बरंच होतं, कारण पाठ झालेली गोष्ट दर वेळी सारखीच निघते. आजीला सांगताना तर लेव्हल म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागली. सरावासाठी तिच्याइतका चांगला श्रोता मिळाला नाही; ती मध्येच "मग?" म्हणते आणि हा सुटतो.

दुसरा मोठा विषय देवाचा. इथल्या स्काऊटचे नियम बारा: विश्वासू, एकनिष्ठ, मदतीला तयार अशा गुणांची ती माळ आहे आणि शेवटचा मणी श्रद्धेचा. शपथेतही देवाप्रति कर्तव्य आहे. हा नियम तू कसा पाळतोस, हे बोर्डात हमखास निघतं. आजीने व्हिडिओ कॉलवर उत्तर तयारच ठेवलं होतं. "सांग, रोज संध्याकाळी शुभंकरोती म्हणतो."

"पण आजी, मी नाही म्हणत."

"मग आजपासून म्हण की!"

बारा नियमांतला पहिलाच विश्वासूपणाचा, तेव्हा शेवटच्यासाठी पहिला मोडायचा का, असं त्याने तिला विचारलं. आजी हसली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणाली.

या प्रश्नावर मी काहीच सुचवलं नाही. आपल्याकडचे काही पालक मुलांना गीतेतला श्लोक अर्थासकट घोकायला लावतात. मुलाला तो मनापासून भावत असेल तर उत्तम, नाहीतर ते ऐकणाऱ्याला केविलवाणं वाटतं. पुढच्या सरावात त्याने जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. त्याच्या पट्रोलमध्ये, म्हणजे ट्रूपमधल्या छोट्या गटात, एक मुसलमान मुलगा आहे, एक ज्यू, आणि हा शाकाहारी. शिबिराचा बाजारहाट करायची पाळी त्याच्याकडे आली तेव्हा त्याने पट्रोलच्या पेटीतल्या एका तव्याच्या दांड्याला निळी चिकटपट्टी गुंडाळली. त्या तव्यावर बेकन कधीच पडायचं नाही. मुलं आधी चिडवायची, मग सवयीने कुणीही नवा आला की तीच सांगायला लागली, निळा तवा सोड, दुसरा घे. आणि पहाटे त्या मुसलमान मित्राची प्रार्थना होईपर्यंत हा नाश्त्याची शेगडी पेटवायला थांबायचा. इथल्या नियमात श्रद्धेच्या ओळीतच दुसऱ्यांच्या श्रद्धेचा मान राखणंही येतं, त्यामुळे हे उत्तर अगदी नियमाला धरून होतं. त्याला मात्र ते उत्तर आहे हेच ठाऊक नव्हतं, तो आपला बाजारहाटाच्या त्रासाबद्दल बोलत होता.

बाकी तयारीत सांगण्यासारखं थोडंच. शपथ आणि नियम उभं राहून म्हणायला लावतात. सात वर्षं दर आठवड्याला म्हणूनही नेमक्या वेळी एखादा गुण गळतो, तेव्हा आंघोळ करताना म्हणून घ्या. बॅजचा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. त्यावरचे गोल बॅज मी आदल्या रात्रीपर्यंत शिवत बसले होते. इस्त्रीने चिकटवायचे म्हणून मिळतात ते धुण्यात सुटतात, आणि त्या जाड कापडातून सुई ढकलताना अंगठीचं बोट सोलवटतं, म्हणून अंगुस्तान घ्या. बाबाने गळपट्टा इस्त्री केला आणि त्याचं कौतुक मला अजून करावं लागतंय.

मुलाखत चर्चच्या तळघरातल्या खोलीत होती, आमचा ट्रूप तिथेच भरतो. बोर्डावर तीन ते सहा जण असतात, सगळे एकवीस वर्षांच्या वरचे. आमच्याकडे चौघे होते, त्यातले एक डिस्ट्रिक्टचे प्रतिनिधी. आईवडिलांना आत बसता येत नाही, त्याच्या ट्रूपच्या स्काऊटमास्तरांना बोर्डाचे सदस्य होता येत नाही. स्काऊटमास्तरांनी ओळख करून दिली, दार लागलं. इतरांच्या मुलांना मी आतून बघितलेलं, त्यामुळे बाहेर बसणं मला फार जड गेलं. नवऱ्याने नोटीस बोर्डावरचं सगळं वाचून काढलं, मग चर्चच्या स्पॅगेटी डिनरला जायचं का असं विचारलं.

आत काय झालं ते नंतर गाडीत कळलं. बारापैकी सर्वांत अवघड नियम कुठला, असं विचारलं. तो म्हणाला आनंदी राहण्याचा, आणि ओल्या तंबूत सकाळी सहाला उठून भांडी घासण्याचं वर्णन केलं. चौघेही हसले म्हणे. ट्रूपमध्ये काय बदलशील हेही आलं. मग डिस्ट्रिक्टच्या गृहस्थांनी प्रकल्पाचा अहवाल उघडला. योजनेच्या यादीत खडी नव्हती आणि खर्चाच्या यादीत होती. त्यांनी पान त्याच्यासमोर सरकवलं आणि विचारलं, ही खडी कशासाठी?

मग त्याने बुडबुड्यापासून सगळं सांगितलं. काकांचं नाव न घेता. त्यांनी पुढे विचारलं, मोठ्या माणसाला थांबवताना भीती वाटली का? हा म्हणाला, हो, खूप, म्हणून मी त्यांच्याकडे न बघता लेव्हलकडे बघून बोललो. हे त्याने आम्हालाही सांगितलं नव्हतं.

त्याला काही मिनिटं बाहेर उभं केलं. निर्णय एकमताने व्हावा लागतो. मग आम्हा तिघांना आत बोलावलं, डाव्या हाताने हस्तांदोलनं झाली, साताऱ्यात आम्ही करायचो तशीच. आजीला फोन लावला तर तिचा पहिला प्रश्न, "शुभंकरोती विचारलं का रे?"

आता पुढच्यांसाठी व्यवहाराचं तेवढं. बोर्ड झालं की अर्ज काउन्सिलमार्फत राष्ट्रीय कार्यालयात जातो. ईगल झाल्याची तारीख म्हणून बोर्डाचीच तारीख धरतात, त्यामुळे मधल्या उशिराने बिघडत काही नाही. पण प्रमाणपत्र हातात येईपर्यंत समारंभाचा हॉल ठरवू नका, भारतातून आजी-आजोबांची तिकिटं तर मुळीच काढू नका. आणि प्रश्नांची यादी हवी असेल तर अजूनही पाठवते. त्यात खडी नाहीये.